शंभर की पाठव

कुणाच्याही घरात शिरलो की मी आधी टाळी वाजवतो,
बूट मग काढतो.
टालिनच्या बंदरालगत मिठाचं जुनं गोदाम,
चुनखडीच्या भिंती, सिमेंटची जमीन,
समुद्राकडे चार बोडक्या काचा.
मी एक टाळी दिली, खोलीने सात परत केल्या,
शेवटची तर पत्रा ओरबाडावा तशी.
घेतल्याहून जास्त परत करणारी खोली
माझ्या धंद्यात भली समजत नाहीत.

लेलो म्हणाल्या, मला गाणीबिणी नकोत.
रेडिओवरचं नाटक नीट ऐकू येऊ दे, गुरुवारी नऊचं.
परवा त्यातला म्हातारा मरताना काहीतरी म्हणाला:
सदा, की सादा, की साऽदा?

आमच्या भाषेत स्वर किती ताणला यावर सगळं असतं.
तोकडा ठेवला तर शंभर,
लांबवला तर पाठव,
आणखी लांबवला तर मिळवणं.
आणि ही खोली सगळंच लांबवते.
म्हाताऱ्याने शंभर मागितले, की कुणाला पाठवायला सांगितलं,
यावरून दोन दिवस घरात जुंपली होती.

भिंतीला फोमचे तक्ते? निदान जाड पडदे?
नाही, असं स्वयंपाकघरातून ऊदो म्हणाले.
एकदाच म्हणाले. बाकीचं खोलीने म्हटलं.
तीन हिवाळे त्यांनी त्या भिंती खरवडल्या होत्या,
सरकारी हिरव्या रंगाचे थरावर थर,
दगडातले शिंपले डोळे उघडेपर्यंत.
तिथे खिळासुद्धा ठोकायचा नाही.

मग मी गाडीतून एकेक खोकं वर आणलं.
कंबरेएवढे स्पीकर आधी.
त्यांचा खर्ज कोपऱ्यात जाऊन बसला
आणि गोठ्यातल्या गाईसारखा हंबरत राहिला.
मग ते गोल, चहूकडे आवाज फेकणारे, सर्वांत महाग:
आगंतुकासारखे घरभर हिंडले,
बोलणारा माणूस कुठे आहे तेच कळेना.
शेवटी सगळ्यात लहान जोडी,
समोर बोलणारी, पाठीमागे कमी सांडणारी.
भिंतीपासून दूर ओढली, खुर्चीपासून हातभर.
एवढ्या जवळ? लेलोंनी विचारलं.
म्हटलं, या खोलीच्या आधी
आवाज तुमच्यापर्यंत पोचला पाहिजे.

वायर घ्यायला जेवणाच्या टेबलाखाली रांगत गेलो
आणि वर पाहिलं.

फळीच्या पोटाला करडी नमदा ठोकलेली,
फेल्टच्या जुन्या बुटांचे उभे चिरलेले तुकडे,
एकावर तर टाचेचा गोल अजून तसाच.
बाकाखाली तेच. खिडकीच्या कट्ट्याखाली तेच.
बारीक चुका, सरळ रांगेत, दोन-दोन बोटांवर.
उभ्या माणसाला यातलं काही दिसत नव्हतं.

बाहेर आलो तेव्हा ऊदो दारात,
हातात टॉवेल, नजर माझ्यावर.
मी गुडघे झटकले. म्हटलं, वायर पुरेल.
ते आत गेले, नळ सोडला.

गुरुवारचं नाटक पुन्हा लावलं.
म्हातारा खोकला, श्वास घेतला,
आणि त्याने तो शब्द म्हटला.
शंभर! लेलो ओरडल्या. शंभरच!
तुम्ही पाठव म्हणत होतात!
नळ थांबला. ऊदो काही बोलले नाहीत.

खरं सांगायचं तर मी शब्द ऐकलाच नाही.
मी त्याच्यानंतरचं ऐकत होतो,
तिथे, बऱ्याच दिवसांनी बहुधा, काही नव्हतं.

बिल केलं. लहान जोडी, वायर बारा मीटर,
येणंजाणं.
निघताना सवयीने टाळी वाजवली.
चार.
चार चालतात.